हालेआकालाचा उतार : पायांना सुट्टी, बोटांना काम

हवाईतल्या माउई बेटावरच्या हालेआकाला ज्वालामुखीवरून सायकलने उतरायचं, हा ताईचा हट्ट. ती कॅलिफोर्नियात राहते, मी नाशिकहून गेले होते. बुकिंग करतानाच प्रश्नांची सरबत्ती: उंची किती, वजन किती, गरोदर आहात का, आदल्या दिवशी स्कूबा डायव्हिंग केलंय का? शेवटचा प्रश्न विचित्र वाटला, पण कारण साधं आहे. खोल पाण्यातून आल्यावर रक्तात विरघळलेला नायट्रोजन पुरता बाहेर पडायच्या आत एवढ्या उंचीवर जाणं धोक्याचं.

मध्यरात्र उलटल्यावर व्हॅन न्यायला आली. स्वतःच्या गाडीने सूर्योदय बघायला जाणाऱ्यांना २०१७ पासून राष्ट्रीय उद्यानाचं वेगळं आरक्षण लागतं; टूरवाल्यांकडे त्यांचा परवाना असतो, त्यामुळे ती कटकट वाचली. जबाबदारीच्या कागदावर मात्र सही करावी लागली. त्यातलं ‘मृत्यू’ हे कलम ताईने मोठ्याने वाचून दाखवलं.

माथा ३,०५५ मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. समुद्रकिनाऱ्यावरून थेट तिथे गेल्यावर चार पायऱ्या चढतानाही दम लागतो, आणि वारा हाडात शिरतो. उष्ण कटिबंध वगैरे विसरा, कानटोपी न्या. ढग पायाखाली होते. ते उजळत गेले तसं समोरचं प्रचंड विवर दिसायला लागलं. गाइड म्हणाला, हा खड्डा स्फोटाने झालेला नाही. पावसापाण्याने दऱ्या झिजत झिजत एकमेकींना मिळाल्या आणि नंतरच्या उद्रेकांनी त्यांचा तळ भरला. सह्याद्रीतला बेसॉल्ट बघत वाढलेल्या मला तो काळा-तांबडा दगड ओळखीचा वाटला.

सायकली मात्र माथ्यावर मिळत नाहीत. पूर्वी टूर तिथूनच सुटायच्या. जीवघेणे अपघात झाले, आणि २००७ मध्ये उद्यानाने हद्दीतल्या व्यावसायिक सायकल टूर बंद केल्या. आता व्हॅन तुम्हाला परत खाली आणते आणि उद्यानाच्या बाहेर, साधारण साडेसहा हजार फुटांवर, सायकल हातात देते. काही जण यावर कुरकुरतात. मला नियम पटला. अंधारात जागून थंडीने बधिर झालेल्या माणसाला तिथल्या तिथे उतारावर सोडणं म्हणजे अतिच.

तोंड झाकणारं हेल्मेट, जाड हातमोजे, वारा अडवणारं जाकीट चढवलं. मग ब्रेकची तालीम. आपल्याकडे उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा. अमेरिकेत तो मागच्या चाकाचा, पुढचा डाव्या हाताला. शिवाय रस्त्याची बाजूही उजवी. गाइडला सांगितलं, तर त्याने मला मोकळ्या जागेत फेऱ्या मारायला लावल्या, हात आपोआप वळेपर्यंत. भारतातून जाणाऱ्यांनी ही तालीम मागून घ्यावी.

पुढे गाइड, मागे व्हॅन, मध्ये आम्ही एका रांगेत. पॅडल मारायची गरज जवळजवळ नाहीच. ब्रेक वळणात नाही, वळणाच्या आधी दाबायचा. सतत धरून न ठेवता दाब-सोड, दाब-सोड. नजर पुढच्याच्या चाकावर नाही, वळण जिथे सुटतं तिथे. मागे गाड्या साचल्या की गाइड हात वर करतो आणि सगळी रांग कडेला थांबते. एका टप्प्यावर ढगातून जावं लागलं, चष्म्यावर पाणी, कानात दडे. त्याखाली निलगिरीचा वास, मग कुरणं, मग कुला भागातली शेतं, आणि पुढे माकावाओ, हवाईतल्या गुराख्यांचं जुनं गाव. अंगावरचा एकेक थर उतरत गेला.

वेगाची हौस असेल तर या टूरमध्ये चिडचिड होईल, कारण सगळ्यात घाबरट माणसाच्या चालीने रांग चालते. आमच्यात ती मीच होते, त्यामुळे माझी तक्रार नाही.

पाइया गावात, समुद्राजवळ, हेल्मेट परत केलं. पाय ताजेतवाने. संध्याकाळी ताईने पपई कापायला दिली, तर सुरी धरवेना.