‘एमडी सोडून डीओच का?’ : ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेजच्या मुलाखतींचा माझा अनुभव

हा प्रश्न मला प्रत्येक मुलाखतीत आला. कुणी थेट विचारला, कुणी गप्पांच्या ओघात, पण टळला कुठेच नाही. तेव्हा अमेरिकेत डीओ कॉलेजांना अर्ज करणाऱ्या मराठी मुलामुलींनी आणि त्यांच्या आईबाबांनी आधी याच प्रश्नाकडे बघावं.

इथे डॉक्टर होण्याच्या दोन वाटा आहेत. एक एमडी (ही इथली डॉक्टरकीची मूळ पदवी, आपल्याकडची एमबीबीएसनंतरची एमडी नव्हे) आणि दुसरी डीओ, म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन. औषधं लिहून देणं, शस्त्रक्रिया करणं, स्पेशालिटी घेणं, सगळे अधिकार दोघांना सारखेच. डीओच्या विद्यार्थ्यांना त्याशिवाय साधारण दोनशे तास हातांनी तपासण्याचं आणि हातांनी उपचार करण्याचं शिक्षण मिळतं. त्याला सगळे ‘ओएमएम’ म्हणतात. आज अमेरिकेतल्या मेडिकलच्या विद्यार्थ्यांपैकी एक चतुर्थांशाहून जास्त डीओ कॉलेजांत शिकतात. युरोपात किंवा ऑस्ट्रेलियात मात्र ऑस्टिओपॅथ हा एमबीबीएससारखा डॉक्टर नसतो. त्यामुळे नाशिकच्या माझ्या मामाने इंटरनेटवर शोधलं आणि काळजीने फोन केला, “अगं, हे मालिशवाल्यांचं कॉलेज नाही ना?” मी त्याला अर्धा तास समजावून सांगितलं. ती माझी पहिली तालीम झाली, कारण आपल्या माणसाला जे साध्या मराठीत सांगता येतं, तेच मुलाखतीतही नीट सांगता येतं.

बहुतेक डीओ कॉलेजांचा अर्ज एएकोमास या एकाच पोर्टलवरून जातो आणि ते मेच्या सुरुवातीला उघडतं. मग प्रत्येक कॉलेजचा वेगळा सेकंडरी अर्ज, निबंध आणि फी. मुलाखती उन्हाळ्याच्या शेवटी सुरू होतात आणि वसंत ऋतूपर्यंत चालतात. प्रवेश जसजसे ठरतील तसतशा जागा भरत जातात, म्हणून मुलाखतीची ईमेल आली की मिळेल ती सगळ्यात लवकरची तारीख घ्यावी. जे एच-४ (एच-१बीवर नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबाचा) किंवा एफ-१ (विद्यार्थ्यांचा) व्हिसावर आहेत त्यांनी सेकंडरीची फी भरण्याआधीच कॉलेजला लिहून विचारावं. बरीच कॉलेजं फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांनाच घेतात, आणि सरकारी शैक्षणिक कर्ज तर या व्हिसांवर मिळतच नाही. ही गोष्ट आधी कुणी सांगत नाही आणि घरोघरी पैसे वाया जातात.

माझ्या काही मुलाखती झूमवर झाल्या, काही प्रत्यक्ष. झूमवर दिवस आटोपशीर असतो. प्रत्यक्ष मुलाखतीला सकाळी डीनचं स्वागत, मग फी आणि कर्जाची माहिती, कॅम्पसची फेरी आणि विद्यार्थ्यांबरोबर जेवण. एका ठिकाणी त्यांनी आम्हाला ओएमएमच्या लॅबमध्ये नेलं. ओळीने लावलेली तपासणीची टेबलं आणि प्रत्येकावर दोन विद्यार्थी, एक पालथा झोपलेला आणि दुसरा त्याच्या पाठीवर हात ठेवून डोळे मिटून उभा. मला एका मुलीने तिच्या खांद्याजवळ बोटं ठेवायला सांगितली आणि म्हणाली, “घाई करू नकोस. आधी नुसतं जाणवू दे.” डावीकडचा स्नायू उजव्यापेक्षा घट्ट होता, आणि तो मला खरंच कळला. त्या दिवसातलं मला सगळ्यात स्पष्ट आठवतं ते हेच.

मुलाखतीचे दोन प्रकार असतात. पहिला नेहमीचा : समोर दोघे, बहुतेक वेळा एक डीओ डॉक्टर आणि एक बायोकेमिस्ट्री किंवा अ‍ॅनाटॉमी शिकवणारे प्राध्यापक, आणि साधारण अर्धा तास. काही कॉलेजांत त्यांनी तुमची फाइल वाचलेली असते, काहींत मुद्दाम दाखवलेली नसते. फाइल वाचलेली असेल तर कमी मार्कांच्या सेमिस्टरबद्दल प्रश्न येतो आणि त्याला सरळ, छोटं उत्तर पुरतं. नसेल तर तुमची सगळी ओळख तुमच्या तोंडूनच व्हायची असते, तेव्हा आपले दोन-तीन खरे प्रसंग तयार असलेले बरे.

दुसरा प्रकार एमएमआय, म्हणजे मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू, छोट्या छोट्या मुलाखतींची मालिका. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातून आलेली ही पद्धत. दाराबाहेर कागदावर एक परिस्थिती लिहिलेली असते. ती वाचायला दोनेक मिनिटं मिळतात, मग आत जाऊन सातआठ मिनिटं बोलायचं, घंटा वाजली की पुढचं दार. वर्गमैत्रिणीने परीक्षेत कॉपी केल्याचं तुला कळलं, काय करशील? मुलाला लस द्यायला नकार देणाऱ्या बापाशी कसं बोलशील? तिथे बरोबर उत्तर शोधत बसू नये. समोरच्या माणसाची बाजू आधी विचारून घेतली, मग आपलं मत आणि त्यामागचं कारण सांगितलं, की पुरे. वेळ उरली तर गप्प बसायलाही हरकत नाही.

आता तो मुख्य प्रश्न. इंटरनेटवर त्याची पाठ केलेली उत्तरं ढिगाने सापडतात : शरीर, मन आणि आत्मा एकच आहेत, रोगाकडे न बघता माणसाकडे बघायचं, वगैरे. ऑस्टिओपॅथीची तत्त्वं खरीच आहेत, पण चांगला एमडीही माणसाकडेच बघतो, आणि समोरचे डॉक्टर ते लगेच बोलून दाखवतात. मी मध्य न्यू जर्सीतल्या एका फॅमिली क्लिनिकमध्ये मेडिकल असिस्टंटचं काम केलं होतं. तिथल्या डीओ डॉक्टर बाईंकडे भारतातून मुलांकडे आलेले बरेच आजीआजोबा यायचे. लांबच्या विमानप्रवासाने कंबर धरलेली, इंग्रजी तोडकंमोडकं, “बरं आहे, बरं आहे” एवढंच सांगणार. बाई आधी त्यांच्या पाठीवर हात ठेवायच्या. ‘इथे?’ म्हणून विचारलं की माणूस बोलायला लागायचा, आणि मग कमरेच्या मागे दडलेली झोपेची, एकटेपणाची, संपलेल्या बीपीच्या गोळ्यांची गोष्ट बाहेर यायची. मी हेच सांगितलं. त्यात तत्त्वज्ञान काहीच नव्हतं, पण ते मी पाहिलेलं होतं.

त्यावर एका डॉक्टरांनी लगेच विचारलं, “बरेचसे डीओ प्रॅक्टिसमध्ये हातांचे उपचार फारसे करतच नाहीत. तू करशील?” हा प्रश्न मला फार आवडला, कारण तो प्रामाणिक होता. मी म्हणाले, कंबरदुखीसाठी करेन. १९९९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या एका चाचणीत हातांचे उपचार घेतलेल्या आणि नेहमीचे उपचार घेतलेल्या रुग्णांना आराम सारखाच पडला होता, पण पहिल्या गटाला औषधं कमी लागली होती. मला तेवढं कारण पुरतं. कवटीच्या हाडांवर करायच्या उपचारांबद्दल त्यांनी छेडलं तेव्हा, तिथला पुरावा मला कच्चा वाटतो, असं मी स्पष्ट सांगितलं. ते हसले आणि पुढे सरकले. माझं ठाम मत आहे की इथे भक्त होऊन जाऊ नये. शंका असणाऱ्या विद्यार्थ्याची त्यांना अडचण वाटत नाही.

थोडा इतिहास वाचून जावं. ऑस्टिओपॅथी सुरू करणारे अँड्र्यू टेलर स्टिल हे डॉक्टर. १८६४ मध्ये मेनिंजायटिसने त्यांची मुलं दगावली आणि त्या काळच्या औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला. १८९२ मध्ये त्यांनी मिसूरीतल्या कर्क्सव्हिल गावी पहिलं कॉलेज काढलं. मला जास्त भिडली ती कॅलिफोर्नियाची गोष्ट. १९६२ मध्ये तिथल्या डीओंना ६५ डॉलर भरून एमडी पदवी घेण्याची सोय झाली आणि राज्याने नव्या डीओंना परवाने देणं थांबवलं. १९७४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते पुन्हा सुरू झाले. हे वाचल्यावर, जुने डीओ आपल्या पदवीबद्दल इतके हळवे का असतात ते कळतं.

मराठी घरात वाढलेल्या मुलांसाठी एक गोष्ट सांगते. आपल्याला ‘मी केलं’ म्हणायची सवय नसते. आपण ‘आम्ही केलं’ म्हणतो, आणि घरी तेच शोभतं. मुलाखतीत मात्र “त्यात तुझं काम नेमकं कोणतं?” असं पुन्हा विचारावं लागलं तर वेळ जातो. आणि भारतीय चेहरा दिसला की, “डॉक्टर व्हायचं तुझं ठरलं की घरच्यांचं?” हेही येतं. माझे आईबाबा दोघेही आयटीत. त्यांना मी कॉम्प्युटर सायन्स केलेलं चाललं असतं, हे मी सांगितलं आणि विषय तिथेच संपला.

शेवटी ते म्हणतात, “तुला काही विचारायचंय?” तिथे हात आखडता घेऊ नका. बऱ्याच डीओ कॉलेजांचं स्वतःचं हॉस्पिटल नसतं. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी विद्यार्थी दूरदूरच्या हॉस्पिटलांत विखुरतात. जागा कोण ठरवतं, राहण्याची सोय कोण करतं, आयत्या वेळी एखादी जागा हातची गेली तर काय, हे मी प्रत्येक ठिकाणी विचारलं. डीओंच्या परवान्याची परीक्षा म्हणजे कॉमलेक्स, तिच्याबरोबर एमडींची यूएसएमएलईही द्यायची असेल तर कॉलेज अभ्यासाला वेळ देतं का, हेही विचारलं. २०२० पासून एमडी आणि डीओंची रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण, एकाच व्यवस्थेखाली आली आहे, तरी काही स्पेशालिट्यांत यूएसएमएलईचा स्कोअर अजून बघतात. याची खरी उत्तरं जेवणाच्या टेबलावर विद्यार्थ्यांकडून मिळतात. एका कॉलेजच्या चकचकीत सादरीकरणानंतर तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाने हळूच सांगितलं की, त्याला वर्षभरात तीनदा घर बदलावं लागलं.

मुलाखतीनंतर दोन ओळींचं आभाराचं ईमेल पाठवावं, त्याहून जास्त काही नको. निकाल कुठे आठवड्यात कळतो, कुठे महिने जातात. प्रवेश मिळाला की डिपॉझिटची मुदत येते. ती रक्कम हजार-दोन हजार डॉलर किंवा त्याहून जास्त असू शकते आणि बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही. आम्ही घरी बसून दोन कॉलेजांच्या हॉस्पिटलांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि जिथली सगळी हॉस्पिटलं घरापासून गाडीच्या टप्प्यात होती, तिथे पैसे भरले.