बॅटरी उतरते रात्री घरी, तपासणी होते दिवसा पणजीत : माझा अनुभव

नव्या फोनची बॅटरी जुन्यापेक्षा लवकर उतरते, हे सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर पटवून देताना माझा जो जीव मेटाकुटीला आला, तो दुसऱ्या कुणाचा येऊ नये म्हणून लिहितेय.

आमचं घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्याही पुढे. नोकरी पणजीत. जुना फोन 4000 एमएएच (बॅटरीची क्षमता) चा, 4जी. नवा 5000 एमएएचचा, 5जी. सुरुवातीला नवा फोन फोटो-अ‍ॅप्स लावून घेत असतो, तेव्हा चार्जिंग जास्त खातोच, म्हणून मी धीर धरला. पण नंतरही तेच. दोन्हींत एकाच कंपनीचं सिम, दोन्ही 100 टक्के भरून उशाशी ठेवायचे, हात लावायचा नाही. सकाळी जुना 95 वर, नवा 78 वर!

काउंटरवरच्या मुलीने फोन हातातही न घेता सांगितलं, "मॅडम, नव्या फोनाक अशें जाता. नॉर्मल आसा." मी स्क्रीनशॉट दाखवले. मग म्हणे, आधी फोन रिसेट करा, त्याशिवाय तक्रार घेत नाही. वर डेटा गेला तर आमची जबाबदारी नाही, अशा कागदावर सही. बँकेची अ‍ॅप्स, व्हॉट्सअ‍ॅप, सगळं पुन्हा लावायचं, तेही बॅटरी न तपासताच? मी साफ नकार दिला. रिसेट का हवं ते लेखी द्या म्हटलं, तर लेखी कुणी देईना. शेवटी जॉबशीट (तक्रारीची नोंद असलेली पावती) निघाली, त्यावर दोनच शब्द: 'बॅटरी ड्रेन'. 'रात्री, स्क्रीन बंद असताना, घरच्या रेंजवर' एवढं लिहा म्हणून मी अक्षरशः हटून बसले, तर मागच्या रांगेतले लोक माझ्यावरच वैतागले. संध्याकाळी फोन परत मिळाला: 'दोष आढळला नाही'. दिवसभर तो त्यांच्या वायफायवर, एसीत ठेवला होता! मग दोष दिसणार कसा?

पुन्हा गेले तेव्हा आत काम करणारा एक टेक्निशियन बाहेर आला आणि त्याने एकच प्रश्न विचारला, "घरी रेंजच्या काड्या किती?" एक. कधी दोन. 5जी येतं आणि जातं. त्याने बॅटरी वापराचं पान उघडलं, सगळ्यात वर मोबाईल नेटवर्क. टॉवर लांब असला की फोन जास्त ताकद लावून सिग्नल पाठवतो, आणि 5जी-4जीमध्ये ये-जा करत राहिला की रात्रभर शोधाशोध चालूच. जुन्या फोनला 5जी माहीतच नाही, तो शांत. त्या मुलाचे मी मनापासून आभार मानले. पण हा प्रश्न काउंटरवर पहिल्याच दिवशी का विचारला गेला नाही, याचा राग अजून गेलेला नाही. तुम्ही राहता कुठे, हे तिथे कुणी विचारलंच नव्हतं.

सेटिंग्जमध्ये मोबाईल नेटवर्क, त्यात पसंतीचा नेटवर्क प्रकार, तिथे 4जी केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी 94! आता पणजीला जाताना कदंबा बस बाणस्तारीचा पूल ओलांडून पुढे आली की मी 5जी सुरू करते, परतताना बंद.

बॅटरी खरंच खराब आहे का हे बघायचं असेल, तर दोन्ही फोन विमान मोडवर टाका, स्क्रीनचा उजेड सारखा ठेवा आणि आधीच डाउनलोड करून घेतलेला एकच व्हिडिओ दोन्हींवर लावा. स्क्रीन 120 हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला 120 वेळा चित्र बदलणारी) असेल तर दोन्हीकडे 60 करा. माझा नवा फोन यात जुन्याच्या कितीतरी पुढे गेला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

आणि हो, जॉबशीटवर तक्रार तुमच्याच शब्दांत लिहून घ्या, तिचा फोटो काढा, बिल जवळ ठेवा. तक्रार घ्यायलाच नकार दिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे.