खाडीचा रंग आणि मधली हवा

वाशीच्या खाडीपुलावरून ओहोटीला दिसणारे गढूळ, चहाच्या रंगाचे पाणी मी रोज पाहतो. पाण्याचा रंग अवकाशातून मोजणाऱ्या उपग्रहाला मात्र त्याच्याकडे येणाऱ्या प्रकाशातला सुमारे ९० टक्के भाग हवेच्या रेणूंनी आणि धूलिकणांनी विखुरलेला मिळतो. रेणूंचा वाटा गणिताने काढता येतो. खरी अडचण धूलिकणांची. स्वच्छ, खोल समुद्र ८६५ नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त (लाल रंगापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश जवळजवळ पूर्ण शोषून घेतो, म्हणून त्या प्रकाशात जे दिसते ते हवेचेच, असे धरून निळ्या-हिरव्या रंगपट्ट्यांतून हवेचा किती वाटा वजा करायचा ते ठरवतात. आमच्या खाडीत गाळच तो प्रकाश परत फेकतो, वजावट जास्त होते आणि निळ्या पट्ट्यात चक्क ऋण आकडे येऊ शकतात. अशा पाण्यासाठी मला लघुतरंग अवरक्त (नावात 'लघु' असले तरी ८६५ नॅनोमीटरहून लांब तरंगांचे) पट्टेच भरवशाचे वाटतात, कारण तिथे गढूळ पाणीही बहुतेक काळेच दिसते.