दहा कामकाजाचे दिवस

२६ एप्रिल २०२२, मंगळवार. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या सभागृहात आमच्या देशाच्या पाटीमागे बसले होते, आणि समोर एकच कागद होता. मंजुरीला येणार होता तो सुरक्षा परिषदेतल्या नकाराधिकाराबद्दलचा (व्हेटो) मसुदा: तो वापरला गेला की आमसभेत त्यावर चर्चा व्हायलाच हवी. त्यावर चार ओळी. मसुदा मतदानाविना मंजूर होत असेल तर काही करायचं नाही. कुणी नोंदवून मतदान मागितलं तर हिरवं बटण. कुणी ऐनवेळी तोंडी दुरुस्ती मांडली तर लाल. आमसभेच्या नियम ७४ खाली चर्चाच तहकूब करण्याची सूचना आली तर पुन्हा लाल. शेवटच्या ओळीखाली मी दोनदा रेघ मारली होती, कारण त्या सूचनेवर बाजूने दोन आणि विरोधात दोन एवढेच वक्ते बोलतात आणि लगेच मतदान होतं. राजधानीला फोन लावून विचारायला वेळच उरत नाही.

मी तेव्हा न्यूयॉर्कमध्ये एका लहान युरोपीय देशाच्या मिशनमध्ये, म्हणजे संयुक्त राष्ट्रांतल्या त्याच्या कार्यालयात, कायदेविषयक सहायक म्हणून काम करत होते. मसुदा मात्र आमचा नव्हता. तो आमच्याहूनही कितीतरी लहान असलेल्या लिश्टनस्टाइनचा होता, आणि ८३ प्रस्तावक देशांच्या यादीत आमचं नाव होतं.

लिश्टनस्टाइन म्हणजे स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मध्ये १६० चौरस किलोमीटर जमीन. लोकसंख्या चाळीस हजाराच्या आतबाहेर, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. सैन्य १८६८ साली मोडीत काढलं ते कायमचं. चलन स्विस फ्रँक, आणि जिथे स्वतःचा दूतावास नाही तिथलं कामकाज १९१९ पासून स्वित्झर्लंड पाहतं. १९२० मध्ये राष्ट्रसंघाने या देशाला प्रवेश नाकारला होता. सैन्य नाही, सार्वभौम कामं दुसऱ्याकडे सोपवलेली, मग हा कसला देश, असा त्यामागचा विचार. संयुक्त राष्ट्रांत तो आला १९९० मध्ये, १६०वा सदस्य म्हणून. ज्याच्याकडे सैन्य नाही आणि मोठी बाजारपेठही नाही त्याचं संरक्षण आंतरराष्ट्रीय कायदाच करतो. त्यामुळे त्यांचं परराष्ट्र धोरण कायद्याच्या कलमांत इतकं खोल शिरलेलं असतं, आणि मला त्यांच्या कामाबद्दल जो आदर वाटतो तो त्याचमुळे.

त्यांच्या कामाची रीत आधीच दिसलेली होती. सीरियातल्या युद्धगुन्ह्यांचा विषय आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे पाठवण्याचा मार्ग २०१४ मध्ये सुरक्षा परिषदेत रशिया आणि चीनच्या नकाराधिकारामुळे बंद झाला. मग २१ डिसेंबर २०१६ रोजी लिश्टनस्टाइन आणि कतार यांनी आमसभेतून पुरावे गोळा करणारी स्वतंत्र यंत्रणा उभी करून घेतली. बाजूने १०५, विरोधात १५, तटस्थ ५२. न्यायालय उभं करणं आमसभेच्या हातात नव्हतं, पण पुरावा नीट जपून ठेवणं होतं. नियमांच्या चौकटीत जेवढी जागा मोकळी आहे तेवढीच धरायची, पण घट्ट धरायची.

हे शहाणपण एका माघारीतूनही आलेलं होतं. २०१२ मध्ये लिश्टनस्टाइन, स्वित्झर्लंड, सिंगापूर, जॉर्डन आणि कोस्टारिका या पाच देशांनी सुरक्षा परिषदेच्या कार्यपद्धतीबद्दल ठराव आणला होता. त्यात नकाराधिकार असलेल्या पाच स्थायी सदस्यांना शिफारशी होत्या: नकाराधिकार वापरलात तर कारण सांगा, नरसंहारासारख्या प्रसंगी तो वापरू नका. पाचही स्थायी सदस्य विरोधात गेले. हा विषय परिषदेच्या रचनेशी जोडलेला आहे, साध्या बहुमताने भागणार नाही, दोन तृतीयांश लागतील, असा मुद्दा निघाला, आणि संयुक्त राष्ट्रांच्या कायदा विभागाचा सल्लाही त्याच बाजूने पडला. मे महिन्यात, मतदानाच्या दिवशी, मसुदा मागे घेतला गेला. चूक हेतूत नव्हती. ठराव दुसऱ्या संस्थेने कसं वागावं हे सांगत होता, आणि तिथेच तो अडकला.

म्हणून २०२२ चा मसुदा वाचताना मला सगळ्यात आधी जाणवलं ते हे, की यात सुरक्षा परिषदेला एकही आज्ञा नाही. पहिला परिच्छेद आमसभेच्या अध्यक्षांना बांधतो: नकाराधिकार वापरला गेल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत औपचारिक बैठक बोलवायची आणि ज्या परिस्थितीवर तो वापरला तिच्यावर चर्चा घ्यायची, त्याच परिस्थितीवर आणीबाणीचं विशेष अधिवेशन चालू असेल तर ही सक्ती नाही. दुसरा परिच्छेद वक्त्यांच्या यादीबद्दल: नकाराधिकार वापरणाऱ्याला, अपवाद म्हणून, पहिला क्रमांक. तिसऱ्यात परिषदेला फक्त निमंत्रण आहे, की संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम २४(३) प्रमाणे चर्चेच्या किमान ७२ तास आधी विशेष अहवाल द्यावा. चर्चेतून काही निष्पन्न झालंच पाहिजे असं कुठेही म्हटलेलं नाही. आमसभा स्वतःच्या कामाचं वेळापत्रक ठरवत होती, आणि ते ठरवायला तिला कुणाची परवानगी लागत नाही.

आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या मंडळींना ग्रामसभेपुढे उभं राहावं लागतं, ती गोष्ट इथे डोळ्यांसमोर आणली तर मसुद्याचा गाभा कळतो. निर्णय बदला असं कुणी म्हणत नाही. या, आणि सगळ्यांसमोर कारण सांगा.

यात खरी ताकद मसुद्याच्या शीर्षकातल्या ‘स्थायी आदेश’ या दोन शब्दांत आहे. त्याआधीही कोंडी फोडायचा रस्ता होताच: १९५० चा ‘शांततेसाठी एकजूट’ ठराव, ज्याने परिषदेत अडलेला विषय आमसभेच्या विशेष अधिवेशनात नेता येतो. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर २५ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने नकाराधिकार वापरला (बाजूने ११, विरोधात १, भारत, चीन आणि संयुक्त अरब अमिराती तटस्थ), आणि दोनच दिवसांनी परिषदेने त्या रस्त्याने विषय आमसभेकडे पाठवला. पण तिथे दर वेळी कुणीतरी पुढाकार घ्यावा लागतो आणि परिषदेतली नऊ मतं किंवा आमसभेतल्या बहुसंख्य सदस्यांची मागणी जुळवावी लागते. जो देश पुढाकार घेतो तो बड्या राष्ट्राच्या डोळ्यांत येतो. स्थायी आदेशात पुढाकार कुणाचाच नसतो. नकाराधिकार पडला की बैठक होते, मग तो कुणाचाही असो. लहान देशासाठी हा फरक फार मोठा आहे, आणि माझ्या मते इतर सगळ्या गुणांपेक्षा याच एका गुणामुळे ८३ नावं जमली.

मसुद्याची तयारी दोन वर्षांहून अधिक चालली होती, मध्ये करोना आला. युक्रेनच्या युद्धाने त्याला वेग दिला, पण तो युक्रेनसाठी लिहिलेला नव्हता. हे आम्हाला त्या आठवड्यात पुनःपुन्हा सांगावं लागत होतं, कारण आफ्रिका आणि आशियातले अनेक सहकारी तोच प्रश्न विचारत होते: हे फक्त रशियासाठी का? उत्तर मजकुरातच होतं, तिथे कुठल्याही देशाचं नाव नाही. अमेरिकेने प्रस्तावक म्हणून नाव दिलं तेव्हा हे पटवणं थोडं सोपंही झालं आणि थोडं अवघडही.

सहप्रस्तावक होणं म्हणजे आता समारंभाने सही करणं नव्हे. मूळ प्रस्तावक देश इलेक्ट्रॉनिक पोर्टलवर यादी उघडतो आणि प्रत्येक मिशनमधला अधिकृत वापरकर्ता आत जाऊन नाव नोंदवतो. गडबड होते ती इथेच. राजधानीची परवानगी आलेली असते, पण ज्याच्याकडे पासवर्ड तो माणूस दुसऱ्या समितीत बसलेला असतो. मसुदा छापून झाल्यावर आलेली नावं सचिवालयाचा अधिकारी सभागृहात वाचून दाखवतो, आणि मंजुरीचा हातोडा पडला की यादी बंद होते. त्यानंतर कितीही विनवण्या केल्या तरी त्या ठरावावर प्रस्तावक म्हणून नाव लागत नाही.

त्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास आमच्या राजधानीतून शंका आली. तिथे दुपारचे दोन वाजलेले. सनदेचं कलम १२ म्हणतं की परिषद एखादा वाद हाताळत असताना आमसभेने त्यावर शिफारस करू नये. मग ही चर्चा त्या कलमाचा भंग नाही का? शंका रास्त होती आणि सभागृहातही ती निघणार हे दिसत होतं. मी दोन मुद्द्यांचं टिपण पाठवलं. एक, कलम शिफारशीला अडवतं, चर्चेला नाही, आणि मसुद्यात शिफारस नाहीच. दोन, ९ जुलै २००४ च्या सल्लागार मतात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने नोंदवलं आहे की आमसभा आणि परिषद एकच विषय समांतरपणे हाताळण्याची प्रथा वाढत गेली आहे. होकार आला तो बैठक सुरू व्हायच्या जेमतेम आधी.

सभागृहात ठराव मांडला लिश्टनस्टाइनचे कायमस्वरूपी प्रतिनिधी क्रिस्टियन वेनावेझर यांनी. ते २००२ पासून त्याच पदावर होते. मोठ्या देशांचे राजदूत तीन-चार वर्षांत बदलतात आणि मागचा सगळा संदर्भ त्यांच्याबरोबर निघून जातो. वीस वर्षं एका खुर्चीत बसलेल्या माणसाला २०१२ ची माघार कुणाकडून समजून घ्यावी लागत नाही. लहान मिशनकडे माणसं कमी असतात, त्यामुळे ती सगळ्या समित्यांत पुरी पडत नाहीत. लिश्टनस्टाइनने त्यावर काढलेला उपाय म्हणजे मोजके विषय निवडायचे आणि ते सोडायचे नाहीत.

भाषणं झाली. रशिया आणि चीनने आक्षेप नोंदवले. भारत प्रस्तावकांत नव्हता; मसुदा पुरेशा व्यापक चर्चेविना आणला गेला, आणि नकाराधिकाराचा प्रश्न परिषदेच्या एकूण सुधारणेपासून वेगळा काढता येत नाही, अशी भारताची नाराजी होती. ती मला पूर्ण चुकीची वाटली नाही. पण एकूण सुधारणेची वाट पाहायची तर किती दशकं, या प्रश्नाचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

मग अध्यक्षांनी, मालदीवच्या अब्दुल्ला शाहिद यांनी, ठरलेलं वाक्य उच्चारलं: आमसभा हा मसुदा मंजूर करू इच्छिते असं मी समजू का? हा प्रश्न आणि हातोडा यांच्यामध्ये एखाद-दोन सेकंद जातात. नोंदवून मतदान मागायचं असेल तर ते आता. माझी नजर बटणांवर होती. कुणी पाटी उचलली नाही. हातोडा पडला (तो आइसलँडची भेट आहे, आणखी एका लहान देशाची) आणि ठराव ७६/२६२ मंजूर झाला. मतदानाविना मंजूर म्हणजे एकमताने मंजूर नव्हे, हे इथे लक्षात ठेवायला हवं. विरोधकांनी मतदान मागितलं असतं तर हरल्याचा आकडा कायमचा नोंदला गेला असता. मतदान न मागता फक्त आक्षेप नोंदवणं त्यांना परवडलं.

ठराव पहिल्यांदा लागू झाला तो बरोबर एका महिन्याने. २६ मे २०२२ रोजी उत्तर कोरियावरच्या निर्बंधांचा अमेरिकी मसुदा चीन आणि रशियाने अडवला. बाजूने १३, विरोधात २. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅलेंडर घेऊन बसले. कामकाजाचे दिवस म्हणजे शनिवार-रविवार वगळायचे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या सुट्ट्याही. ३० मे हा मेमोरियल डे. म्हणजे दहावा दिवस येतो १० जूनला. बैठक लागली ८ जूनला, आठव्या दिवशी. अहवालाची मुदत मात्र दिवसांत नाही, तासांत आहे: बुधवारच्या सकाळपासून ७२ तास मागे गेलं की रविवार, ५ जून. रविवारी कुणी कागद प्रसृत करत नाही, त्यामुळे खरी मुदत शुक्रवारीच संपते.

८ जूनला चीनचे प्रतिनिधी पहिले बोलले, मग रशियाचे. कारणं पटण्यासारखी होती की नाही हा वेगळा भाग. ती बोलली गेली, आणि इतिवृत्तात सहा भाषांत शब्दशः राहिली.

या व्यवस्थेत कच्चे दुवे आहेतच. परिषदेचा अहवाल कारणमीमांसेपेक्षा घटनाक्रमाकडे झुकतो, कारण तो लिहिताना नकाराधिकार वापरणारेही टेबलाशी असतात. लागोपाठ नकाराधिकार पडले की वक्ते तीच भाषणं वाचतात. विशेष अधिवेशन चालू असेल तर स्वतंत्र बैठकीची सक्ती उरत नाही, म्हणून तिथे आधी अध्यक्षांच्या कार्यालयाकडून पक्कं करून घ्यावं लागतं. मिशनमध्ये आम्ही यासाठी एक तक्ता केला. रकाने चार: नकाराधिकाराची तारीख, मधल्या सुट्ट्या, दहावा दिवस, आणि बहात्तर तासांची मुदत ज्या वारी संपते तो वार. पहिली ओळ उत्तर कोरियाची. दुसरी भरावी लागली त्याच वर्षी जुलैत, सीरियात सीमेपलीकडून जाणारी मदत रशियाने अडवली तेव्हा.