कार-टी ट्रायलसाठी पेशी देताना

बी-सेल ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) उलटल्यावर कार-टीच्या, म्हणजे आपल्याच टी-पेशी काढून, लॅबमध्ये बदलून-वाढवून परत देण्याच्या उपचाराच्या ट्रायलमध्ये नाव लागलं की पहिला मोठा टप्पा पेशी काढण्याचा. रक्त एका नळीतून मशीनमध्ये जातं, तिथे गरगर फिरून लिम्फोसाइटचा (टी-पेशी ज्यांत येतात त्या पांढऱ्या पेशींचा) थर वेगळा होतो आणि उरलेलं रक्त दुसऱ्या नळीने अंगात परत येतं. भूल लागत नाही. माझ्या मते त्या दिवसाचं यश आधीच ठरतं.

सगळ्यात आधी स्टेरॉइड. ते लिम्फोसाइटच मारतं, म्हणून डेक्सा (डेक्सामेथासोन) किंवा प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडं किती दिवस आधी बंद करायचं हे प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं असतं. मधल्या काळात दम्यासाठी किंवा अंगावरच्या पुरळासाठी कुणी गोळी लिहून दिली, तर ट्रायल कोऑर्डिनेटरला विचारल्याशिवाय घेऊ नका.

मग शिरा. केमोने त्या बहुतेक कडक झालेल्या असतात आणि इथे जाड सुया लागतात. आम्हा बऱ्याच जणांना वाटतं, पिक लाइन (केमोसाठी दंडातून घातलेली लांब नळी) आहे ना, मग झालं. पण ती बारीक आणि मऊ असते, मशीनच्या ओढीने आत चिकटते. त्यामुळे अनेकदा मानेत किंवा जांघेत डायलिसिससारखं दोन नळ्यांचं कॅथेटर बसवतात. जांघेत असेल तर पाय मुडपायचा नाही. नळी दबली की प्रवाह अडतो आणि अलार्म वाजत राहतो. हातातल्या सुयांचंही तेच, कोपर सरळ हवं.

रक्त गोठू नये म्हणून त्यात सिट्रेट मिसळतात. ते रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. मग ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. मला वाटतं सहन करण्याची हौस इथे अजिबात करू नये. पहिली मुंगी जाणवताच नर्सला सांगा: त्या वेग कमी करतात, कॅल्शियमची गोळी किंवा शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट देतात. गप्प राहिलात तर हातापायांत गोळे येतात, उलटी होते, क्वचित हृदयाची लयही बिघडते. परत येणारं रक्त किंचित थंड असतं, तेव्हा जाड पांघरूण आणि मोजे हवेत.

हे सगळं साधारण 3 ते 5 तास चालतं. उठता येत नाही, म्हणून आधी लघवीला जाऊन या. पाणी आदल्या दिवशी भरपूर प्या. लहान मुलांचं वजन कमी असेल तर मशीनची नळी आधी दात्याच्या रक्ताने भरतात, कारण तेवढं रक्त बाहेर गेलेलं त्यांना झेपत नाही.

नंतर प्लेटलेट उतरतात, म्हणून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) पुन्हा करतात. कॅथेटर काढल्यावर जागा दाबून धरून सरळ पडून राहायचं. पेशी पुरेशा मिळाल्या की नाही हे मोजणीनंतरच कळतं आणि कमी पडल्या तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावं लागतं. बाहेरगावहून येणाऱ्यांनी परतीचं तिकीट आधी काढू नये. शिवाय लॅबमध्ये पेशी वाढल्याच नाहीत तर पुढे काय, मधल्या आठवड्यांत आजार आवरायला कोणती केमो, आणि कॅथेटरचा खर्च कुणाचा, हे संमतीपत्रावर सही करण्याआधीच विचारून घ्या.