वैजनाथाचा डोंगर आणि राकसकोपचे पाणी: चार ऋतूंतील एका दिवसाची वाट

सकाळी बेळगावहून निघून संध्याकाळी घरी परतता येईल आणि डोंगर, पठार व विस्तीर्ण पाणी ही तिन्ही एकाच दिवसात पाहता येतील, अशी वाट विचारणाऱ्यांना मी वैजनाथाचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी पसरलेला राकसकोप जलाशय सुचवतो. गेल्या वर्षभरात आम्ही काही मित्र ही वाट निरनिराळ्या ऋतूंत मुद्दाम चाललो. पावसाळी छायाचित्रे पाहून जुलै-ऑगस्टमध्ये इकडे गर्दी लोटते. माझ्या मते मात्र वरून पाणी पाहायला जाणाऱ्याच्या दृष्टीने तोच सर्वांत वाईट काळ आहे.

डोंगर महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात आहे. जलाशयाचा बांध कर्नाटकात, बेळगाव तालुक्यात आहे. वर चढण्यासाठी वेंगुर्ला रस्त्याने हिंडलगा, उचगाव फाटा, बाची असे करत शिनोळीला यावे आणि तेथून देवरवाडीला वळावे. देवरवाडीतून वैजनाथ मंदिरापर्यंत वाहन जाते, परंतु पाय धड असतील तर गाडी गावातच ठेवून चालत चढणे उत्तम. मंदिराजवळच आरोग्य भवानीचे स्थान आहे, आणि आणखी वर महिपाळगड. हा किल्ला ओस पडलेला नाही. तटाच्या आत आजही गाव नांदते आहे आणि खडकात खोदलेली खोल विहीर पाहण्यासारखी आहे. खालून पाण्याकडे जाणाऱ्यांसाठी गणेशपूर, बेनकनहळ्ळी, बेळगुंदी असा स्वतंत्र रस्ता आहे आणि तो शहरापासून वीस किलोमीटरांच्या आतच राकसकोपला पोहोचवतो.

हा डोंगर ज्वालामुखीच्या लाव्ह्याने घडलेला आहे. पण ज्वालामुखीचा डोंगर म्हटले की डोळ्यांसमोर शंकूच्या आकाराचे, माथ्यावर मुख असलेले शिखर येते. तसे शिखर येथे कोठेही दिसणार नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचत गेला आणि थिजून काळा पाषाण झाला. त्या थरांची दक्षिणेकडील किनार आपल्या बेळगाव परिसरात येऊन संपते. गोकाकला गेलात तर धबधब्याच्या कड्यात काळ्या पाषाणाऐवजी वालुकाश्म भेटतो. डोंगरमाथ्यावर मात्र पावसाने आणखी एक काम केले आहे. लक्षावधी वर्षांच्या पाण्याने काळ्या खडकातील सिलिका वाहून नेली, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे उरले, आणि त्यातून तांबडा, सच्छिद्र जांभा तयार झाला. चंदगडच्या पठारांवरील बॉक्साईट, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे खनिज, हे त्याच प्रक्रियेचे फळ आहे, आणि शहरातील बॉक्साईट रोडवरून रोज जाणाऱ्यांचाही या डोंगरांशी असा दूरचा संबंध पोहोचतो.

हे सांगण्याचे कारण निव्वळ कुतूहल नाही. पावले कोठे टाकावीत, पाणी कोठे मिळेल आणि कोणत्या महिन्यात काय दिसेल, हे सारे या खडकावर ठरते. जांभा पाणी पोटात घेतो, खालच्या चिकण थरापाशी ते अडते आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून पाऊस थांबल्यावरही बरेच दिवस ओहोळ वाहते राहतात. उलट जांभ्याचा उघडा पृष्ठभाग ओला असताना शेवाळाने निसरडा होतो आणि कोरडा असताना त्याचे सुटे खडे बुटांखाली गोट्यांसारखे फिरतात. गुळगुळीत झालेल्या तळव्यांचे बूट घालून येथे येऊ नये.

जून ते सप्टेंबर या काळात डोंगरावर धुके इतके दाट असते की मंदिराच्या आवारातून पुढची वाटही कधी कधी दिसत नाही, मग जलाशय कोठून दिसणार? श्रावणातील सोमवारी भाविकांची मोठी गर्दी असते, त्यामुळे केवळ फिरण्यासाठी जाणाऱ्यांनी तरी ते दिवस टाळावेत. पावसात मंदिरापर्यंत जाऊन परत फिरावे. धारेवरची वाट धरू नये. तेथे वारा असा असतो की छत्री निरुपयोगी ठरते. आम्ही पुढे निघालेले पाहून गुरे राखणाऱ्या एका मामांनी हाक दिली, "धुकं उतरलंय, पुढं जाऊ नकासा; कडा कुठं संपतोय ते आमास्नी पण दिसंना." एवढ्या अनुभवी माणसाने असे सांगितल्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. या दिवसांत पाणीच पाहायचे असेल तर राकसकोपच्या बाजूने खालून जावे. जलाशयाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून २४७५ फूट आहे. ती गाठत आली की वेस्टवेअरचे, म्हणजे जादा पाणी सोडणाऱ्या सांडव्याचे, दरवाजे उघडतात आणि मार्कंडेय नदी फुगते. त्या काळात दरवाजांच्या खालच्या पात्रात उतरणे जिवावर बेतू शकते, कारण पाणी वाढताना पूर्वसूचना मिळेलच असे नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस पावसाची उघडीप सुरू झाली की पठाराचे रूप पालटते. जांभ्यावर मातीचा थर अगदी पातळ असतो, आणि तेवढ्यावर सोनकी, तेरडा, सीतेची आसवे अशी अल्पायुषी फुले बहरतात. सीतेची आसवे ही निळसर जांभळी फुले दिसायला नाजूक असली तरी ती वनस्पती सूक्ष्म जीव पकडून पचवते. नापीक खडकात नत्र मिळवण्याचा तिचा तो मार्ग आहे. फुलांच्या गालिच्यात बसून छायाचित्र काढण्याचा मोह आवरावा, कारण तुडवलेल्या जागी बी धरत नाही.

ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर हा मात्र या वाटेचा खरा हंगाम होय. हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते, जलाशय काठोकाठ भरलेला असतो, आणि गडाच्या बाजूने दक्षिणेकडे पाहिले की पाण्याचे फाटे टेकड्यांच्या मधून तुडये गावाच्या दिशेने शिरलेले दिसतात. बेळगावच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा एक मोठा वाटा याच तळ्यातून हिंडलग्याच्या पंपगृहामार्गे येतो, हे वरून पाहताना प्रथमच नीट उमगते. मार्कंडेयचे पाणी येथून पूर्वेला जाऊन घटप्रभेला व पुढे कृष्णेला मिळते, तर पश्चिमेला थोड्याच अंतरावरील तिलारी नदीचे पाणी गोव्याकडे उतरून अरबी समुद्र गाठते. खाली भात पिवळे पडू लागलेले असते आणि बेळगुंदी-बिजगर्णीकडच्या तांबड्या जमिनीतून रताळी काढण्याचे काम चालू असते. परतताना शेताच्या बांधावरच ताजी रताळी विकत मिळाली तर अवश्य घ्यावीत. या काळासाठी एकच सूचना आहे: १ नोव्हेंबरला शहरात कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुका आणि मराठी भाषकांची काळ्या दिनाची फेरी असल्याने रस्ते व बससेवा विस्कळीत होतात, तेव्हा त्या दिवशी बेत आखू नये.

डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे धुके पाण्यावर बसलेले असते आणि माथा उन्हात न्हालेला असतो. लवकर निघालात तरच ते दिसेल. नऊ-दहाच्या सुमारास ते विरून जाते. गवत वाळलेले असल्याने वाटा स्पष्ट दिसतात, म्हणून वयस्कर मंडळी व मुलांना घेऊन जाण्यास हा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो. महाशिवरात्रीला पुन्हा यात्रेची गर्दी असते.

उन्हाळ्यात जलाशय आटतो आणि काठावर तडकलेल्या गाळाचे रुंद पट्टे उघडे पडतात. वरून कोरडा दिसणारा तो गाळ आत मऊ असतो, त्यावर चालत पाण्याच्या कडेपर्यंत जाऊ नये. मे महिन्यात वर्तमानपत्रांतून 'डेड स्टॉक'ची, म्हणजे तळाशी उरलेल्या मृत साठ्याची, चर्चा सुरू होते, तेव्हा हे दृश्य शहरवासीयांनी एकदा तरी स्वतः पाहावे असे मला वाटते. काजूच्या बागा आणि करवंदाच्या जाळ्या हा या ऋतूतील दिलासा आहे. बागा खासगी आहेत, याचे भान असू द्यावे. वळीव बहुधा दुपारनंतर येतो आणि उघड्या पठारावर विजेपासून आडोसा नसतो, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत बाराच्या आत खाली उतरणे इष्ट.

डोंगरावरून थेट जलाशयाकडे उतरणाऱ्या वाटा गुराख्यांच्या आहेत. त्यांना फाटे फुटतात आणि झाडीत त्या हरवतात, म्हणून देवरवाडीतून किंवा गडावरच्या गावातून माहीतगार सोबत घ्यावा व त्याचा मोबदला आधी ठरवावा. या पट्ट्यात गव्यांचा वावर आहे, चंदगड तालुक्यात हत्तीही येतात. तेव्हा निघण्यापूर्वी गावात चौकशी करावी आणि सूर्यास्तापूर्वी झाडीबाहेर पडावे. कड्यांवर आग्या मोहोळे असतात, त्यामुळे अत्तर लावून येणे आणि धूर करणे दोन्ही टाळावे. पिण्याचे पाणी माणशी किमान दोन लिटर घरूनच न्यावे. जलाशयात पोहू नये, कपडे किंवा गाड्या धुऊ नयेत, कारण तेच पाणी आपण पितो. बांधाच्या आवारात परवानगीविना प्रवेश करू नये. संकटात ११२ हा क्रमांक दोन्ही राज्यांत चालतो, परंतु आपण हद्दीच्या कोणत्या बाजूला आहोत आणि जवळचे गाव कोणते, हे सांगता आले पाहिजे.

दुचाकी देवरवाडीत ठेवली असेल तर राकसकोपला उतरण्याचा विचार सोडावा; तेथून गाडीपर्यंतचा रस्त्याचा वळसा लांबचा आहे. दोन्ही टोके जोडायचीच असतील तर बसने शिनोळीला जावे, चालत राकसकोपला उतरावे आणि तेथून किंवा बेळगुंदीहून शहराची बस धरावी. शेवटच्या बसची वेळ सकाळीच बेळगावच्या बसस्थानकावर विचारून घ्यावी.