मावा

मान्नावरच्या माझ्या लेखात लाल रेघ एकाच शब्दाखाली आहे. बाकी पान जसंच्या तसं. ‘विष्ठा’ या शब्दाखाली रेघ, समासात प्रश्नचिन्ह, आणि कागद टेबलावर ठेवून संपादिका निघून गेली. बोलली असती तरी बरं होतं.

बरं, दुसरं काय लिहायचं होतं? १९२७च्या उन्हाळ्यात कीटकशास्त्रज्ञ बोडेनहायमर आपल्या सहकाऱ्याला, ऑस्कर थिओडोरला, घेऊन सिनाईच्या वाळवंटात गेला तो हेच बघायला. बायबलमध्ये इस्राएल लोकांनी चाळीस वर्षं रानात खाल्लेला, आभाळातून पडणारा मान्ना म्हणजे नेमका कोणता पदार्थ? शंभरेक वर्षं आधी एहरेनबर्ग नावाचा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ तिथे जाऊन आला होता. किडा त्याने बरोबर हेरला, चित्रही छापलं, पण समजूत अशी करून घेतली की किडा झाऊच्या झाडाच्या फांदीला भोक पाडतो आणि त्यातून झाडाचा रस पाझरतो. म्हणजे मान्ना झाडाचा. बोडेनहायमरने दाखवलं की थेंब भोकातून येतच नाही, तो किड्याच्या अंगातून पडतो. आणि कुठल्या टोकाने पडतो, हे मी लिहिलं. एवढाच माझा गुन्हा.

किडा तरी कोणता? आपला पिठ्या ढेकूणच, सीताफळावर आणि द्राक्षावर बसतो त्याच्याच कुळातला. डोंगरात ट्रब्युटिना मॅनिपॅरा, सखल भागात नॅजाकॉकस. झाडाच्या रसात साखर भरपूर आणि नत्र नावापुरतं. वाढायला तर नत्रच हवं. म्हणून किडा रस ओढतच राहतो, नत्र ठेवून घेतो आणि नको असलेली साखर थेंबाथेंबाने बाहेर टाकतो. सोलापूरकडे रब्बीच्या ज्वारीवर चिकटा पडतो तो याच हिशेबाने. पान तेल चोपडल्यासारखं चकाकतं, मग त्यावर काळी बुरशी धरते आणि कडबा वाया. सिनाईची हवा इतकी कोरडी की बुरशीला सवडच मिळत नाही. थेंबातलं पाणी उडतं आणि मागे खडा राहतो, टाचणीच्या डोक्यापासून वाटाण्याएवढा. बायबलच्या निर्गम या पुस्तकात धण्यासारखा म्हटलंय, ते माप चुकलेलं नाही.

गोळा करायचा तो सकाळीच. जमीन २१ अंशांपर्यंत तापली, म्हणजे साधारण साडेआठला, की मुंग्या बाहेर पडतात आणि सगळं उचलून नेतात. ऊन चढल्यावर मान्ना नाहीसा व्हायचा आणि ठेवलेल्यात किडे पडायचे, बायबलमधली ही दोन्ही वर्णनं बोडेनहायमरने मुंग्यांच्या नावे मांडली. हंगाम जूनचा. हिवाळ्यात पाऊस बरा झालेला असेल तर एका माणसाला दिवसाला किलोभर मिळतो, नाही तर हात हलवत परत. आणि मिळाला तरी ती नुसती साखर. प्रथिनं नाहीत. त्यावर चाळीस वर्षं... पण ते राहू दे, त्यावर रेघ नाहीये.

रेघ ‘विष्ठा’वर आहे. ‘मधुरस’ लिहिलं तर कुणाला काही टोचणार नाही, पण ते आयुर्वेदिक औषधाच्या बाटलीवरचं नाव वाटतं. ‘हनीड्यू’ हा इंग्रजी शब्दच लिहिला की हात झटकल्यासारखं होतं. ‘स्राव’ लिहिला तर एहरेनबर्गचीच चूक परत करायची, कारण झाडालाही स्राव येतोच की. एका शब्दासाठी इतका जीव काढायचा आणि वाचणाऱ्याने नाक मुरडायचं. कशाला हे करते मी, असं दुपारी दोनदा वाटून गेलं.

बोडेनहायमरला हे जमलं कसं? कोलोनचा, १८९७चा जन्म, वकिलाचा मुलगा. १९२२मध्ये पॅलेस्टाइनला गेला, पिकांवरच्या किडींचं काम धरलं, पुढे जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात प्राध्यापक झाला. दिवसा संत्र्यावरची खवले कीड, आणि त्याच जोडीला लिनियसपर्यंतचा कीटकशास्त्राचा इतिहास, जर्मनमध्ये, दोन खंड. १९४९मध्ये कॉफ नावाच्या अभ्यासकाबरोबर इब्न कुतैबाच्या नवव्या शतकातल्या अरबी ग्रंथाचा प्राण्यांवरचा भाग इंग्रजीत आणला. १९५१मध्ये माणसं कुठे कुठे कोणते किडे खातात यावर अख्खं पुस्तक. त्याला कुणी रेघ मारली असेल का?

बहुतेक भाषा येत होत्या म्हणूनच जमलं. इस्राएल लोकांनी तो पदार्थ पहिल्यांदा बघून ‘मान हू’ म्हटलं, आणि त्याचा अर्थ ‘हे काय?’ असा लावत आले. बोडेनहायमर म्हणाला, हा प्रश्न नाहीच. अरबीत झाडावरच्या रस शोषणाऱ्या बारक्या किडीला मन्न म्हणतात, आणि तिच्यापासून मिळणाऱ्या त्या गोड दाण्यांना सिनाईतले बेदुईन आभाळातला मन्न म्हणतात. म्हणजे ती माणसं सरळ सांगत होती: हा मन्न आहे. किडीला आणि खाऊला एकच शब्द, आणि खाणाऱ्याला त्यात काही वावगं नाही.

हे दहादा वाचलेलं आहे. आज संध्याकाळी चहा गाळताना एकदम हसूच आलं. आपल्याकडे करडईवर, मोहरीवर, ज्वारीवर कोणता किडा पडतो? मावा. आणि पेढ्यात काय असतो? (पानटपरीवरचा तिसरा, तो सोडून देऊ.) आजवर कुणी पेढा खाताना थबकल्याचं ऐकलं नाही. आणि मी दिवसभर संस्कृत कोश उपसत बसले होते.

रेघ खोडली नाही. ‘विष्ठा’ही तशीच ठेवली. वर पेन्सिलीने लिहिलं: मावा. आता ती उद्या विचारणार, खायचा की फवारणीचा?